पडद्याच्या अलीकडं

गारगोटी, १६ एप्रिल २०२६

तीर्थस्वरूप आकारामदादास, मामेभाऊ जोतीरामचा दंडवत. वि. वि.

पत्र बघून दचकू नको. घरात फोन आला की तानाबाई लगेच स्पीकरवर टाकती, आणि मला बोलायचं हाय ते चारचौघांत बोलण्यासारखं न्हाय. तू चौतीस वर्षं टपाल वाटलंस, कुणाचं पाकीट कधी फोडलं न्हाईस, म्हणून तुलाच लिवतोय.

पंधरा दिवसांमागं आंघोळ करताना अंडात गाठ लागली हाताला. शेंगदाण्याएवढी, टणक. दुखत न्हाय, खुपत न्हाय. आठ वर्षांचा असताना बैलानं लाथ घातली आणि एक काढून टाकाय लागलं, तूच मला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळालतास. ऱ्हायलंय ते हे एकच. कोल्हापुरात एका डॉक्टरला दाखवलं. कॅन्सरचा संशय हाय, सगळंच काढाय लागंल, मागनं जन्मभर इंजेक्शनं घ्यायची, असं म्हणाला. तो लगेच म्हणत हुता, पण म्हैस व्यायला झालीया, म्हणून सोमवार सत्तावीसची तारीख घेतली.

तू म्हणशील, घरचा जावई नेमका त्याच दुखण्यांचा डॉक्टर, मग परक्याकडं का? अरे दादा, अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण माझ्याच नशिबी खरी व्हायची हुती! महिन्याभरात अधिक लागतोय. ज्या जावयाला पाटावर बसवून, पाय धुवून धोंड्याचं जेवाय घालायचं, त्याच्यापुढं मी चड्डी सोडू व्हय? मेलो तरी न्हाय. त्याला वास लागू नये म्हणून सोनोग्राफीला आणि रक्ताच्या तपासणीला नाव तुझं दिलंय. रागावू नको. तानाबाईला हर्निया म्हणून सांगितलंय.

सत्तावीसनंतर मी कसला बाप्या ऱ्हाणार, हेच डोक्यात फिरतंय. भ्या वाटतंय दादा, दुसऱ्या कुणाला सांगू?

विठावहिनींना नमस्कार. माया पातळ करू नको.

तुझा,
जोतीराम


कोल्हापूर, २० एप्रिल २०२६

आदरणीय आकारामकाकांना गुरुप्रसादचा सा. न. वि. वि.

क्रांतीशी लग्न झाल्यापासून आपल्याला पत्र लिहायचा योग आला नव्हता. आपल्याला फोनवर कमी ऐकू येतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

शनिवारी माझ्या एका सोनोग्राफीवाल्या मित्रानं एक तपासणी माझं मत घ्यायला दाखवली. रुग्ण आकाराम, वय एकोणपन्नास. आपण तर पासष्टीला आलात, म्हणून मला गंमत वाटली. मग फॉर्मवरचा मोबाइल नंबर पाहिला आणि गंमत संपली. तो नंबर मला पाठ आहे, कारण रोज संध्याकाळी क्रांती त्यावरच माहेरी बोलते.

मामांना मी काही विचारलेलं नाही. त्यांनी नाव लपवलं, तर ते माझ्यापासूनच लपवलं असणार, एवढं मला कळतं. मित्राकडून कळलं, सत्तावीसला दुसऱ्या डॉक्टरांकडं सगळंच काढायचं ठरलंय. पण काका, ते ऑपरेशन होऊ देऊ नका. त्या डॉक्टरांचंही चुकलं म्हणणार नाही. अशा जागची टणक गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते. मात्र ही गाठ वेगळी दिसते. कांदा आडवा कापला की दिसतात तशी वर्तुळं आहेत, आत रक्तप्रवाह नाही आणि रक्ताचे तिन्ही रिपोर्ट चांगले आहेत. क्वचित सापडणारी ही साधी गाठ असते. कातडीच्या पापुद्र्यासारखा ऐवज आत साठतो, बाकी काही नाही. नुसती गाठ सोडवून काढायची, ऑपरेशन चालू असतानाच ती तपासायला द्यायची, आणि साधी निघाली तर अंड तसंच ठेवायचं. मामांना एकच आहे, म्हणून तर हे करून बघायलाच हवं. शंभर टक्के खात्री मात्र तपासल्यावरच देता येईल.

माझे सर हे करतील, मी त्यांच्याशी बोललोय. मला कळलंय हे मामांना कळू देऊ नका. त्यांनी आपणहून सांगितलं तर ठीक, नाहीतर मी त्या दिवशी दवाखान्यात फिरकणारसुद्धा नाही. त्यांना संकोच नको.

काकूंना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावेत.

आपला,
गुरुप्रसाद


कुरुंदवाड, २२ एप्रिल २०२६

चि. जोतीरामास आकारामचे अनेक आशीर्वाद.

गाढवा, नाव द्यायला दुसरा कुणी मिळाला नाही? तुझं पत्र विठाबाईनं माझ्याआधी अर्धंमुर्धं वाचलं. त्यात माझं नाव वाचून ती दोन दिवस माझ्याकडं अशी बघतीया की मला घरात बसवेना.

आता नीट ऐक. सत्तावीसला जायचं नाही. माझ्या नावाची तपासणी एका जाणत्या माणसानं पाहिली आहे. कोण, ते विचारू नको. गाठ साधी असू शकते, नुसती तेवढीच काढता येते, असं त्याचं म्हणणं आहे. एकच शिल्लक आहे, आणि तू ते न विचारता देऊन टाकायला निघालास! कशासाठी, तर जावयापुढं मान खाली जाईल म्हणून! अरे, पोरगी देताना त्याच्या हातावर पाणी सोडलंस तेव्हा तो परका राहिला नाही.

शनिवारी पहिल्या एसटीनं मी येतोय, कदाचित या पत्राच्याही आधी पोचेन. दोघं मिळून जावयाच्या दारात जाऊ. तोंड तू उघडायचंस, मी नुसता शेजारी बसणार. नाही उघडलंस तर मी ओरडून सांगेन, आणि मला ऐकू येत नसल्यानं माझा आवाज केवढा लागतो, ते तुला ठाऊक आहे.

भिऊ नको. तेव्हा पाठीवर घेऊन पळालतो, आता हात धरून नेतो.

तुझा दादा,
आकाराम


गारगोटी, २८ मे २०२६

चिरंजीव गुरुप्रसादराव यांस, सासरे जोतीराम यांचा आशीर्वाद आणि मनापासनं नमस्कार. वि. वि.

तुम्हास्नी पत्र लिवायची ही पहिलीच खेप. समोर बोलाय गेलो की म्हशीचंच बोलत बसतोय, म्हणून कागद घेतला.

टाके भरून आले. मोठ्या तपासणीचा कागदही आला, कॅन्सर न्हाय म्हणून त्यात लिवलंय. मी तो देवापुढं ठेवला. तानाबाईला आता सगळं खरं सांगितलंय. आधी रडली, मग हर्निया म्हणून फसवल्याबद्दल दिवसभर बोलली न्हाय, आणि संध्याकाळी शिरा केला.

त्या दिवशी दादाबरोबर तुमच्या दारात आलो. तुम्ही आधी पाणी दिलंसा, क्रांतीला काहीतरी आणाय दुकानात धाडलंसा, आणि मी चाचरत सांगितलं ते पहिल्यांदाच ऐकल्यागत ऐकून घेतलंसा. ऑपरेशनच्या वक्ताला कंबरेखाली भूल हुती, पण मी जागा हुतो. पोटावर हिरवा पडदा लावलेला. पलीकडं तुमचे सर, आणि तुम्ही अलीकडं, माझ्या डोक्याशी. एवढे मोठे डॉक्टर, पण एकदाही मान वर करून पडद्यापलीकडं बघितलं न्हाईसा. माझा हात धरून म्हशीचं विचारत ऱ्हायलासा. मग तपासाय धाडलेल्या गाठीचा निरोप आला, आणि तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालासा, की मामा, साधी गाठ हाय, सगळं जागच्या जागी ऱ्हातंय. तवा मी रडलो, आणि तुमचं पण डोळं भरल्यालं मी बघितलं.

परवा दादानं कबूल केलं. फॉर्मवर नाव त्याचं दिलं, पण नंबर मी माझाच लिवला हुता! म्हंजे आम्ही दारात यायच्या आधी आठ दिवस तुम्हास्नी ठाऊक हुतं. त्या आठ दिवसांत तुम्ही रोज फोन करून म्हैस कशी हाय म्हणून विचारत हुता, आणि तानाबाई म्हणायची, शहरातल्या जावयाला म्हशीचं एवढं काय पडलंय? स्पीकरवर दुसरं काय विचारणार हुता तुम्ही! माझ्या लाजेला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जपलंसा. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं केलंसा.

म्हैस व्याली, रेडी झालीया. रविवारी सात जूनला धोंड्याचं जेवायला क्रांतीला घेऊन यायचं हाय. तानाबाईनं अनारशाला तांदूळ भिजत घातल्यात. लग्नात मी पाय धुवाय वाकलो तवा तुम्ही लाजून पाय मागं घेतलासा, ते माझ्या ध्यानात हाय. यंदा घेऊ नका. तुमच्यापायी मी माझी लाज सोडली, आता तेवढी तुमची तुम्ही सोडा, आणि मला पोटभर पाय धुऊ द्या.

वाट बघतोय.

तुमचा,
जोतीराम