मंजुळाला काळोख हवा

सोमवार, रात्र

साखर खरंच लागू पडली! अजून नवल वाटतंय. आमच्या मंजुळाने, त्या कोवळ्या तलंगेने, पहिलंच अंडं घातलं आणि मागून लालबुंद मांसाचा गोळा बाहेर आला. बाकीच्या कोंबड्या त्यालाच टोचायला लागल्या, म्हणून आधी तिला वेगळं केलं. मग डॉक्टरांना फोन. कोमट पाण्याने धुवा, साखर लावा, सूज उतरली की तेलाच्या बोटाने हळूच आत ढकला, म्हणाले.

मंजुळाला धरून बसलेली आई ओरडली, "साखर काय लावतेस गं? चहा करायचाय काय तिचा?" पण पाणी सुटलं, गोळा बोराएवढा झाला आणि अलगद आत गेला.

आता तिला काळोखात ठेवायचंय, म्हणजे काही दिवस अंडं येणार नाही. उजेड जास्त मिळाला की तलंगा लवकर अंड्यावर येतात म्हणे. पण आमच्या दहिसरच्या परसात काळोख आणू कुठून? मागच्या टॉवरचा तो दिवा रात्रभर थेट खुराड्यावर असतो. म्हणूनच का ही एवढ्या लवकर...? मोरीत नेलं, तर तिथेही तोच दिवा! शेवटी आईची मासळीची पाटी तिच्यावर उलटी घातली, हवेला फट ठेवून वर गोधडी टाकली. लगेच गप्प झाली.

आई आडवी झालीय, डोळ्यांवर पदर ओढून. नेहमी तशीच झोपते. मला वाटायचं, सवय असेल. आज विचारलं, कधीपासून गं?

"तो दिवा लागल्यापासून."