जादा लांबीची ऑर्डर

४ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. या घरात जे चाललंय त्याला एक तरी थंड डोक्याचा साक्षीदार हवा. मी चिडणार नाही. फक्त नोंद करणार.

४ मार्च, चहानंतर
चिडलो. बाबांनी आईला विचारलं, मिक्सर तू नेतेस का. आई म्हणाली, राहू दे तुमच्याकडे, लागेल तुम्हाला. बाबा म्हणाले, अगं, मला त्याचं झाकण तरी लावता येतं का. आणि हसले. दोघंही! घटस्फोट घेणारी माणसं हसतात? माझं सगळं लहानपण या दोघांच्या धुसफुशीत गेलं आणि आता हे एकमेकांना मिक्सरचा आग्रह करतायत. शिसारी आली. चहा अर्धा टाकून उठलो. (बिस्किटं संपली होती.)

५ मार्च
आईने पुन्हा कॉलेजचा विषय काढला. परत जा म्हणते. मी स्पष्ट सांगितलं, तुमच्या घटस्फोटाच्या धक्क्यामुळे सोडलं. आई म्हणाली, तू सोडलंस ऑगस्टमध्ये, आमचं ठरलं डिसेंबरमध्ये. तारखा काढत बसणारी माणसं! संवेदनशील मुलाला आधीच अंदाज येतो हे यांना कळत नाही.
शिवाय मी रिकामा नाही. सोफे बनवण्याच्या वर्कशॉपमध्ये आहे. फ्रेम जोडतो, फोम कापतो, स्टेपल मारतो. मालक म्हणतात, तुझ्या हाताला वळण आहे, डोक्याला नाही. मी फक्त पहिला भाग लक्षात ठेवला.

६ मार्च
वर्कशॉपमध्ये कव्हरं शिवणारी एक मुलगी आहे. माझ्याच वयाची. तिला मी इथे ‘सुई’ म्हणेन. कारण उघड आहे, आणि ती बोलतेही तशीच. मला ती ‘शिडी’ म्हणते. सगळ्यांसमोर. आज दारातून वाकून आत येताना तरीही डोकं आपटलं, तर म्हणाली, शिडी, दाराला लागलं का रे?
प्रेम नाही. माझा लग्न, संसार, असल्या गोष्टींवरचा विश्वास उडालेला आहे. फक्त तिच्याकडे बघितलं की स्टेपल वाकडे जातात.

९ मार्च, रविवार
घरात स्टिकर लावणं चालू आहे. आईचं सामान लाल, बाबांचं निळं. कपाट लाल, टीव्ही निळा, खुर्च्या दोन-दोन. दोघं हातात स्टिकरची पानं घेऊन, अगदी गुण्यागोविंदाने. मी मुद्दाम हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, बघू कोण लावतं. आई म्हणाली, जरा ऊठ रे, खुर्चीला लावायचंय.
खुर्ची लाल झाली. मी तसाच.

९ मार्च, संध्याकाळ
आत्ता लक्षात आलं. माझ्या पलंगावर कुणाचंच स्टिकर नाही. लाल नाही, निळं नाही. भंगारवाल्याच्या ढिगाशेजारी नेऊन उभा केलाय. रात्री तिथून ओढून आणायचा, सकाळी परत तिथे. चार वर्षं माझे पाय ज्याच्याबाहेर लोंबकळले तो पलंग, पण माझा होता ना.
बाबा आत आले, म्हणाले, तुझ्याशी खोलीबद्दल जरा बोलायचंय. मी म्हटलं, मला काही ऐकायचं नाही, आणि दार आपटलं. मग आई आली. पुन्हा आपटलं. दाराची वरची बिजागरी निखळली. स्टिकर नसलेलं दार.

११ मार्च
भयंकर. बाबा गॅलरीत फोनवर कुणा बाईशी बोलत होते. आवाज गोड. म्हणाले, एक माणूस कायमचं, दुसरं एक आठवड्याआड. हो हो, उंच आहे बऱ्यापैकी, पण त्रास नाही काही.
म्हणजे हे आहे! अजून कोर्टाचा कागद हातात नाही आणि आठवड्याआड येणारं माणूस ठरलंसुद्धा. उंच! आई बुटकी पडली म्हणायची. त्रास नाही म्हणे! किळस आली. रात्री जेवलो नाही. दोनदा वाढून घेतलं तेवढंच.

१२ मार्च
सुईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अरे विचार ना सरळ वडिलांना. मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, कोणतं तत्त्व? मी म्हटलं, ते सांगून कळणारं नाही. तिने दोरा तोंडात धरून तोडला.
पण मोठी गोष्ट कळली. तिचेही आईवडील वेगळे! ती शाळेत असतानाच. एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. मला भरून आलं. आमचं दुःख एकच. मी म्हटलं, किती सोसलंस तू. ती म्हणाली, सोसलं काय डोंबल, चार्जर एकीकडे राहतो तेवढाच वैताग.
हसून दुःख लपवते. मला बरोबर कळलं.
संकल्प: तिला यातून बाहेर काढायचं.

१४ मार्च
मालकांनी बोलावलं. म्हणाले, तुझे वडील येऊन गेले, सोफा-कम-बेडची ऑर्डर आहे, लांबी जादा हवी. आणि म्हणाले, माझ्या मुलालाच बनवू द्या, त्याच्या मनासारखा.
मी स्टेपल गन खाली ठेवली. ठेवली म्हणजे मालकांच्या पायाशी पडली. त्या उंच बाईचा बिछाना मी बनवायचा! पोटच्या पोराने! निर्लज्जपणाची कमाल आहे. मालक म्हणाले, थोबाड का असं, एरंडेल प्यायलास काय?
सुई कापडाचे नमुने घेऊन आली. म्हणाली, करडा की तपकिरी? बोल लवकर. मी म्हटलं, दोन्ही बघून ओकारी येते, त्यातल्या त्यात करडा. ती म्हणाली, छान, तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं तुलाच विचारायला. आणि माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काहीतरी बोलायला हवं होतं. ती नजर मी ओळखतो. मुली प्रेमात पडल्या की अशाच बघतात.

१६ मार्च
सूड. डोकं थंड ठेवून ठरवलंय.
सोफा-कम-बेडमध्ये खाली प्लाय असतं, वर फोम. प्लायवर आडवी एक लाकडी पट्टी दोन स्क्रूंनी बसवायची, तिच्यावर फोम. बसलं तर कळणार नाही. बोटाने दाबलं तरी कळणार नाही. झोपलं की बरोबर कमरेत. आठवड्याआड! झोप म्हणावं.
फक्त पट्टी नेमकी कुठे बसवायची हा प्रश्न होता. उंच माणसाची कंबर कुठे येते? वर्कशॉपमध्ये उंच कोणीच नाही. शेवटी मीच आडवा झालो आणि कमरेखाली खडूची खूण केली. काम चोख. मालक म्हणतात ते खरं, हाताला वळण आहे.

१८ मार्च
आज सुईला कॉफीला नेलं. पहिल्यांदा! शर्ट इस्त्रीचा. ठरवलं होतं की डोळ्यांत बघून सांगायचं, लग्न या प्रकाराची मला घाण वाटते, पण तुझ्याबरोबर विचार करायला तयार आहे.
प्रस्तावना म्हणून आधी बाबांबद्दल बोललो. मग आईबद्दल. मग मिक्सर, स्टिकर, पलंग. मग तिच्या वडिलांची मानसिकता तिला समजावून सांगितली. तिच्या आईचीही. ती म्हणाली, तू माझ्या आईला बघितलंयस का कधी? मी म्हटलं, गरज नाही. कॉफी गार झाली. तिने घड्याळ बघितलं. मी मुद्द्यावर येणार तोच उठली आणि म्हणाली, शिडी, कॉफी दोघांची मागवलीस आणि टेबलावर सहा जणांना घेऊन बसलास. चौघांना घरी सोडून येशील तेव्हा सांग.
म्हणजे पुन्हा येणार आहे. एकंदरीत यशस्वी.

२१ मार्च
मी हे लिहितोय पण माझा विश्वास बसत नाही. आईनेसुद्धा सोफा-कम-बेडची ऑर्डर दिली. आमच्याच मालकांना. जादा लांबी!
आईलासुद्धा?
या दोघांना एकदम दोन उंच माणसं सापडली कुठून? एका घरात राहून एकमेकांशी पटलं नाही, पण आवड बघा, हुबेहूब सारखी. आणि इतकी वर्षं घरात एकच उंच माणूस होता, त्याच्या पलंगाला साधं स्टिकर लावावंसं वाटलं नाही कुणाला. डोळ्यांत पाणी आलं. फोमची धूळ.
सुईला सांगितलं. ती मशीन थांबवून म्हणाली, शिडी, तुझ्या आईवडिलांच्या ओळखीत उंच माणसं किती, जरा बोटं मोड बघू. मी मोडायला लागलो. काकांपासून सुरुवात केली, पण ते बसके. ती कपाळावर हात मारून म्हणाली, जा बाबा, काम कर.
तिला पट्टीबद्दल सांगितलेलं नाही. सांगितलं तर हळवी होईल.
आईच्या सोफ्यातही पट्टी. तीच खूण. न्याय म्हणजे न्याय, दोघांना सारखा.

२२ मार्च
सुईने दोन्ही कव्हरं शिवून दिली. दोन्ही करडी. म्हटलं, आईचं तपकिरी का नाही? म्हणाली, त्यांनीही तुझ्याच आवडीचा सांगितला. यांना माझ्या आवडीशी एवढं काय पडलंय? जखमेवर मीठ चोळायची ही पद्धत.

२५ मार्च
दोन्ही सोफे टेम्पोत गेले. मालक म्हणाले, तू जा बरोबर, तुझ्याच घरचं काम. मी म्हटलं, माझं कुठलंच घर नाही. मालक म्हणाले, मग निदान टेम्पोचं दार तरी लाव.

३० मार्च, रविवार, दुपार
घर रिकामं. माझा पलंग भंगारात गेला. आई तिच्या नव्या जागी, बाबा त्यांच्या. बाबा मला घ्यायला आले, म्हणाले, या आठवड्यात माझ्याकडे. मी म्हटलं, बघायला येतो, राहायला नाही. मनात वाक्यं तयार ठेवली होती. त्या बाईच्या तोंडावर म्हणायची.

३० मार्च, संध्याकाळ
बाई नाही.
एक म्हातारी घरमालकीण आहे, कमी ऐकू येणारी. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाबांना ओरडून म्हणाली, हाच का तो आठवड्याआडचा? खरंच की हो उंच!
आत खिडकीशी करडा सोफा-कम-बेड. शेजारी माझा टेबल-लॅम्प. भिंतीला माझं कॅलेंडर, दोन वर्षांपूर्वीचं, मी कधीच न उलटलेलं. बाबांनी सोफा उघडून दाखवला. तीन वेळा उघडला आणि बंद केला, लहान मुलासारखा. म्हणाले, लांबी मुद्दाम वाढवून घेतली, आता पाय बाहेर येणार नाहीत. तुझ्या आईचं आणि माझं एवढ्या एकाच गोष्टीवर ताबडतोब एकमत झालं, तो जुना पलंग काढायचा. तुला सांगायला आलो होतो दोघंही. पण तू दार आपटलंस.
म्हटलं, हं.
बाबा म्हणाले, बसून तर बघ. बसलो. बसलं की कळत नाही.

३१ मार्च, सकाळ
आडवं झालं की कळतं. बरोबर कमरेत. खूण इंचभरही चुकलेली नाही.
शेवटी चादर घेऊन खाली फरशीवर झोपलो. पहाटे बाबा पाणी प्यायला उठले. मी डोळे मिटून पडलेला. ते बराच वेळ उभे होते. मग अगदी हळू म्हणाले, आवडलं नाही का रे इथे. मला विचारलं नव्हतं ते. स्वतःलाच.
ते आत गेल्यावर उठलो आणि पट्टीवर जाऊन झोपलो. चहाच्या वेळी बाबांनी विचारलं, झोप लागली? म्हटलं, मस्त. त्यांनी माझ्या टोस्टला जास्तीचं बटर लावलं. मला या माणसाची चीड आहे, हे विसरून चालणार नाही.

१ एप्रिल
सुईला सगळं सांगितलं. पट्टीसुद्धा. ती इतकी हसली की मशीनवरून उतरावं लागलं. म्हणाली, मला वाटलं तुला आज ना उद्या कळेल, म्हणून बोलले नाही. पट्टीचं माहीत असतं तर बोलले असते. मग हसू आवरून म्हणाली, काढून टाक ना, दोन तर स्क्रू आहेत. मी म्हटलं, काढतो. पण बाबांसमोर सोफा उघडला तर विचारतील, पट्टी कुणी बसवली. ती म्हणाली, मग सांग. मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती परत मशीनवर बसली.
कॉफीचं विचारलं. म्हणाली, अजून पाच जण आहेत टेबलावर. पाच? म्हणजे एक कमी झाला. प्रगती आहे.

६ एप्रिल, रविवार
आईकडे. करडा सोफा, माझी उशी, उशाशी पाण्याची बाटली. आई म्हणाली, तू यायच्या आधी एक रात्र मीच झोपून बघितलं, म्हटलं पोराला टोचायला नको काही. छान आहे, हाताला वळण आहे तुझ्या. आई बुटकी. तिची कंबर पट्टीच्या वरच राहिली असणार.
मी मान खाली घातली. आईला वाटलं लाजलो.

७ एप्रिल, सकाळ
बाबांचा आईला फोन. माझीच चौकशी. आईने फोन स्पीकरवर टाकला आणि दोघांनी एकदम विचारलं, खरं सांग, झोप कुठे चांगली लागते? मी म्हटलं, दोन्हीकडे अगदी सारखी.
दोघंही इतके खूश झाले की काही विचारू नका. आई म्हणाली, बघा. बाबा म्हणाले, मी म्हटलंच होतं. आणि हसले दोघंही, त्या दिवशी मिक्सरवरून हसले तसे. शी.
कंबर सरळ होत नाही. आज वर्कशॉपमधून स्क्रू-ड्रायव्हर आणायचा. नक्की.

७ एप्रिल, संध्याकाळ
विसरलो.