कडेच्या बायका

बऱ्हाणपूर,
१५ नोव्हेंबर १९३८

ती. शालिग्राममामांना मनकर्णाचा नमस्कार.

‘पाच जाणत्या माणसांनी चांगली ठरवलेली लेन्स तुला एकटीलाच कशी खटकली?’ असं तुम्ही विचारलंत. मी काय पाहिलं ते सांगू शकते. त्यांना ते का दिसलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा उन्हात शेकून हलका झाला. शारदावहिनीचं मात्र ठीक नाही, ते पुढे लिहिते.

तुमच्या मासिकासाठी खंडव्याचे कॅमेऱ्यांचे व्यापारी लीलाधरराव यांनी दोन कॅमेरे आणि ही वाइड अँगल लेन्स दिली, आणि मी वापरून मोकळं मत लिहावं असं ठरलं. मी नुसती नावं ठेवलेली नाहीत. सागवानी कॅमेरा भक्कम आहे, पण ही लेन्स लावली की त्याचा घड्यांचा कातडी भाता इतका मिटावा लागतो की पुढची फळीच चित्रात येते. पत्र्याच्या घडीच्या कॅमेऱ्यात ती अडचण नाही. दुपारी तो हाताला चटके देतो, एवढंच. राजपुऱ्याच्या गल्लीत मागे सरकायला जागा नसताना या लेन्सनं अख्खा दरवाजा एका प्लेटवर घेतला. जामा मशिदीच्या कमानी तर फार सुंदर आल्या. हे सगळं तुम्ही लेखात ठेवलंत. काढायला सांगितलात तो एकच परिच्छेद: कडेला उभ्या माणसांची तोंडं ही लेन्स आडवी ताणते, म्हणून ‘कुटुंबाच्या फोटोसाठी सर्वोत्तम’ ही जाहिरात खरी नाही.

दिवाळीत आमच्या लहानशा अंगणात मी घरच्यांचा फोटो घेतला. नेहमीप्रमाणे पुरुष मध्ये खुर्च्यांवर, बायका दोन्ही कडांना उभ्या. फोटो हातात घेऊन भाईदासकाका म्हणाले, “ही शारदा का? माहेरी काय खाऊन आली, तोंड पपईवानी झालंय.” मधुकरदादा, स्वतःचा नवरा, तोही हसला. मी म्हटलं, लेन्सनं ताणलंय. काका म्हणाले, “वा बी.ए.! मेरा तो बरोबर आलाय. मशीन काय माणूस बघून झूठ बोलते?”

त्या दिवसापासून वहिनी रात्रीची भाकरी खात नाही. मी समजावलं तर म्हणाली, “सगळ्यांना दिसलं ते झूठ, अन् वन्सं, तुमचं एकटीचंच सच?” मामा, तुमचं पत्र त्यानंतर आलं. तेच वाक्य, फक्त शुद्ध मराठीत.

मग मी इतवारा पेठेत दिगंबर मास्तरांकडे गेले. लेन्स चांगली ठरवणाऱ्या तुमच्या पाच जाणत्यांपैकी ते एक. त्यांनी अभिमानानं घरचा फोटो दाखवला. मी कडेला बोट ठेवून विचारलं, हे कोण? “आमच्या घरातल्या आहेत. तू तिकडं कशाला बघते? मध्ये बघ ना, किती साफ आलंय.” बाकी चौघांचे फोटो तुम्हीच पाठवले होते, ते घरी येऊन पुन्हा काढून पाहिले. सगळीकडे मध्ये पुरुष, कडेला बायका, आणि बायकांची तोंडं रुंद. कोणी खोटं बोललं नाही. तिकडे कोणी पाहिलंच नाही.

लेखासोबत घरचा फोटो छापताना त्याच्या कडा कापून टाकू, असं तुम्ही सुचवता. कडा कापल्या की दोष जातो, आणि त्याच्याबरोबर बायकाही जातात.

इतकं लिहिलं तरी जे लिहायला बसले ते टाळतेच आहे. लीलाधरराव हे तुम्ही आणलेलं स्थळ. ‘लग्नाआधीच नवऱ्याच्या मालाला नावं ठेवणारी सून नको’ असं त्यांच्या आई म्हणाल्या. तुम्ही ते मला लिहिलं नाहीत, बाबांना लिहिलंत. कॅमेरे घेऊन ते स्वतः आले होते तेव्हा मला म्हणाले होते, “जे दिसेल ते लिहा.” ते मला आवडले होते, मामा. आता तेच तुमच्यामार्फत तो परिच्छेद काढायला सांगतात, म्हणून राग जास्त येतो.

बाबा म्हणाले, “चार ओळींसाठी चांगलं घर घालवते?”

“चार ओळी खोट्या आहेत का?”

“खोट्या कोण म्हणतं? नको लिहू, एवढंच.”

परवा रविवारी मी तीच लेन्स, तेच अंगण घेतलं. बायकांना खुर्च्यांवर बसवलं आणि पुरुषांना कडांना उभं केलं. काका कुरकुरले, “ये क्या उलटा कारभार?” आई केव्हाच खुर्चीत बसली होती. म्हणाली, “उभे राहा ना भावजी, जरा वेळ तर आहे.”

फोटो बघून काका पहिलं वाक्य बोलले ते असं: “लेन्स खराब आहे. वापस कर.”

“मशीन माणूस बघून झूठ बोलते का, भावजी?” आईनं विचारलं. वहिनी किती दिवसांनी हसली. मग मधल्या खुर्चीतला स्वतःचा चेहरा ती बराच वेळ बघत बसली. बाबांनी दुसऱ्या कडेचं आपलं तोंड पाहिलं आणि फोटो पालथा ठेवला. “हा पाठवू नको.”

फोटो या पत्रासोबत आहे. लेखातली एकही ओळ मी काढलेली नाही. त्या ओळींसकट छापायचा नसेल तर सगळा लेख परत पाठवा, मी दुसरीकडे देईन. छापलात तर खाली ‘एक भगिनी’ घालू नका, माझं नाव घाला.

आज सकाळी दोन्ही कॅमेरे आणि लेन्स रेल्वे पार्सलनं खंडव्याला रवाना केली. आत चिठ्ठी ठेवली आहे: परिच्छेद मागे घेणार नाही, आणि आपल्या मंडळींनी मला बघायला येण्याचा बेत रद्द समजावा. बाबांना स्टेशनावरून परत आल्यावर सांगितलं.

तुम्ही शिकवलंत म्हणून शिकलेली,
तुमची भाची
मनकर्णा