थोरल्या पातीचा कागद

८ मार्च, शनिवार
आईच्या ट्रंकेत लुगड्यांखाली आजोबांच्या जुन्या पिशवीत मोडीतला कागद सापडला. शिक्क्यासकट! म्हणजे गावची पाटीलकी आमच्या थोरल्या पातीचीच. मला आधीपासून शंका होती. धाकट्या पातीचा इंद्रजीत, माझा चुलतभाऊ, दर जत्रेला मानाचा फेटा बांधून पालखीपुढं मिरवतो आणि मी मागं गर्दीत सगळ्यांच्या चपला सांभाळतो. रक्ताच्या माणसांनी असा दगा द्यावा? यंदा तो फेटा माझ्या डोक्यावर. ठरलं.

९ मार्च
चन्नप्पा सरांकडं गेलो. रिटायर्ड मास्तर, मोडी घडाघडा वाचतात. चौथ्या ओळीत शब्द निघाला: ‘सरफराज केले’. सर म्हणाले, मूळ फारसी. सर म्हणजे डोकं, अफराज म्हणजे उंच करणारा. पिढ्यान्‌पिढ्याचं वतन, मानपान दिला की सनदेत असं लिहायचे. ज्याला दिलं त्याचं डोकं चारचौघांत वर. अंगावर काटाच आला. उठलो. सर म्हणायला लागले, थांबा की हो, खाली अजून सात ओळी हायत. म्हटलं, मुद्दा कळला. मास्तरलोकांना लांबड लावायची सवयच असते.

१२ मार्च
व्हिजिटिंग कार्डं छापली. शंभर. ‘जोतीराम वाघचौरे, वतनदार पाटील’. पहिलं ऑफिसात साहेबांना दिलं. त्यांनी मागच्या बाजूला चहाची ऑर्डर लिहून शिपायाला दिलं. जळतात.
रेश्मा म्हणाली, वतनदार, आधी गॅसचा नंबर लावा. बायकोसुद्धा आपली नाही.

१५ मार्च, सकाळी ७
संकल्प: रोज एक तास मान ताठ ठेवून चालणे.

१५ मार्च, सकाळी ११
नवी पेठेत अर्ध्या उघडलेल्या शटरला डोकं धडकलं. दोन टाके. शटर खालीच लावलेलं होतं, माझी चूक नाही.

३० मार्च, पाडवा
जरीचा फेटा घेतला. इंद्रजीतला फोन करून ठणकावलं, जत्रेच्या आदल्या दिवशी गावासमोर कागद वाचायचा. तो म्हणाला, व्हय दादा, या की, वाचू. आवाज लई मऊ. भ्यालाय.

११ एप्रिल
सगळ्यांनी मिळून घात केला.
सरांना मीच गाडी करून गावी नेलं. मीच म्हटलं, सगळ्या ओळी वाचा, मोठ्यानं. चौथ्या ओळीत नाव येसाजीचं. येसाजी म्हणजे धाकट्या पातीचा मूळपुरुष! नाव कुणाचं, हे त्या दिवशी मी विचारलं नव्हतं, पण सरांनी सांगू नये? खालच्या ओळींत कारण: थोरला राणोजी मोहिमेतून पळोन आला, सबब पाटीलकी धाकट्यास. अरे राणोजी, पळायचं होतं तर पुढं तरी पळायचं! आणि आजोबांनी हा कागद दडवला तो दडवला, फाडायला काय झालं होतं?
इंद्रजीत सगळ्यांदेखत पाया पडला. म्हणाला, दादा, आमी तीन पिढ्या हुडकत होतो, आमच्याकडं पुरावाच न्हवता, तुमी लई उपकार केले. कागद घेऊन गेला. ओरिजनल.
रडू आलं. धूळ फार आहे गावात.
अकरावी ओळ लिहायची राहिली. थोरल्याच्या वंशाने जत्रेत पाटलावर अब्दागिरी धरावी. गावानं टाळ्या वाजवल्या.

१२ एप्रिल, जत्रा
अडीच तास अब्दागिरी धरली. म्हणजे लांब दांड्याची मानाची छत्री. सावली सगळी इंद्रजीतवर, ऊन माझ्यावर. फेटा पिशवीतच राहिला. रेश्मानं फोटो काढले, त्यांत इंद्रजीत आहे, दांडा आहे, दांड्यावर माझे दोन हात आहेत.
परत येताना टेंभुर्णीला चहाला थांबलो. आरोहीनं विचारलं, पप्पा, तुमच्यानंतर हे मला धरायला लागणार का?
मी म्हटलं, चहा पी. कागदात ‘वंशपरंपरेने’ असं स्पष्ट लिहिलंय.