तो विषय सोडला

१८ ऑगस्ट, सोमवार
टेस्टचे मार्क लागले. इकॉनॉमेट्रिक्स, वीसपैकी तीन.
मी घाबरलेले नाही. फक्त नोंद म्हणून लिहिते आहे. तीन म्हणजे शून्य नव्हे. एम.ए.च्या पहिल्याच सेमिस्टरला हा ऑप्शनल विषय स्वतःहून घेणारे आम्ही मोजकेच आहोत. बाकीच्यांनी ग्रामीण विकास घेतला. त्यात म्हणे नुसत्या हजेरीलाही मार्क आहेत. मी हा घेतला, कारण समाजाचे प्रश्न भाषणात मांडून भागत नाही, ते आकड्यांत मांडता आले पाहिजेत. ॲडमिशनच्या रांगेत मी हे मोठ्याने म्हणाले होते. दीपाली, वर्गातली माझी एकुलती एक मैत्रीण, तेव्हाच म्हणाली होती की समाजाचं नंतर बघ, आधी लिमये मॅडमचा मागच्या वर्षीचा पेपर बघ.
पेपर परत देताना लिमये मॅडम म्हणाल्या, साळवे, आपण तीन प्रश्न सोडवलेत आणि तीन मार्क मिळवलेत. सातत्य आहे.
वर्ग हसला. मीही हसले. तळहात गार पडले होते, पण ते पंख्यामुळे.
ठराव: उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

१९ ऑगस्ट
सव्वाआठ. ठरावाचा विचार करण्यात रात्री झोप लागली नाही, म्हणून.

२१ ऑगस्ट
आज पप्पांना मार्क सांगणार होते. पण ते कंपनीतून आले तेच खुशीत. सुपरवायझरनी विचारलं म्हणे, सुखदेव, मुलगी काय करते. पप्पांनी सांगितलं, इकॉनॉमॅट्रिक. मी म्हटलं, पप्पा, मॅट्रिक नाही, मेट्रिक्स. ते म्हणाले, तेच ते. मग मम्मीकडे वळून म्हणाले, हिरा, अख्ख्या शॉपमध्ये कुणाला कळलं नाही, म्हणजे बघ केवढं अवघड असेल.
मम्मीने मला जास्तीची भाकरी वाढली.
या शब्दाने गल्लीत घोटाळा झाला आहे. आमच्या घरमालकीण मथुराबाई. हडपसर गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घर, शब्द कुठवर पसरवायचा याचा अनुभव दांडगा. त्या सगळ्यांना सांगत फिरतात की सुखदेवची पोरगी बीए झाली खरी, पण तिचं मॅट्रिक राहिलं हुतं, आता परत बसलीया. काल नळावर मलाच म्हणाल्या, लई अवघड हाय बाई मॅट्रिक, आमचा विक्रमबी दोनदा बसला.
समजावून सांगितलं असतं. पण त्यासाठी आधी मला समजायला हवं.
आमच्या घरात आजवर परीक्षेत कुणी नापास झालेलं नाही. एवढ्या लांबच्या परीक्षेपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. म्हणजे घराण्याची पाटी कोरी आहे, आणि खडू माझ्या हातात.
मार्क उद्या सांगेन.

२५ ऑगस्ट
दीपालीने माहिती आणली. १२ सप्टेंबरपर्यंत विषय ड्रॉप करता येतो. मार्कशीटवर काही येत नाही, पुढच्या सेमिस्टरला दुसरा घ्यायचा. फक्त ज्यांचा विषय सोडायचा त्यांचीच अर्जावर सही लागते. म्हणजे वाघाची सही घेऊन जंगल सोडायचं.
मी तिला ठणकावून सांगितलं, सोडणाऱ्यांतली मी नव्हे.
अर्ज आणला आहे. माहितीसाठी. नाव, वर्ग आणि विषयाचा कोड लिहिला आहे, पेन चालतं का बघायला.

२८ ऑगस्ट
लेक्चरला बसले नाही. काल गणपती बसले, तेव्हा बसला गर्दी असणार होती. (नव्हती. पण ते बसमध्ये बसल्यावर कळलं.) विद्यापीठात पोचले, मग वडाखाली थांबले. लांबून लिमये मॅडम नेसतात तशी राखाडी साडी दिसली. झाडामागे गेले. त्या दुसऱ्याच कुणी बाई निघाल्या, लायब्ररीचा रस्ता विचारत होत्या. मी नुसतं बोट दाखवलं, तेही बहुधा कँटीनकडे.
अर्धा तास छातीत धडधडत होतं. ॲसिडिटी. मम्मीला जिऱ्याचं पाणी करायला सांगायचं.

३१ ऑगस्ट, रविवार
खूप विचार केला. विषय सोडावा असं वाटू लागलं आहे. भीतीने नव्हे, तत्त्वाने. माणसाची दुःखं आकड्यांत बसवणं हेच मुळात चूक. माणूस म्हणजे काय आकडा आहे का? हे ॲडमिशनच्या वेळी कुणी लक्षात आणून दिलं नाही, याचं वाईट वाटतं.
पण पप्पांना विचारल्याशिवाय सोडणार नाही. आमच्या घरात खोटं चालत नाही. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, लहानपणापासून रोज म्हणत आले आहे. मार्कांबद्दलही मी खोटं बोललेले नाही. बोललेच नाही.
पप्पांचं तोंड डोळ्यांसमोर आलं की घास गिळवत नाही. ओरडणार नाहीत ते. ते गप्प बसतील, मग म्हणतील, बरं. त्या 'बरं'ची मला जी काही वाटते, ती भीती नाही. आदर आहे.

२ सप्टेंबर
परवानगी मिळाली!
झालं असं. गल्लीत मंडप पडल्यापासून मथुराबाईंच्या विक्रमने आपली नवी मोठी गाडी आमच्या दारात लावली आहे. पप्पांची स्कूटर आत अडकली. आठवडाभर ते पहाटे चालत स्टॉपवर जातात. रात्री जेवताना मम्मीने तेच काढलं. तुम्ही बोलत नाही म्हणून त्यांचं फावतं, वगैरे. पप्पा खाली मान घालून जेवत होते. मम्मी कालवण आणायला उठली तशी मी सगळा धीर एकवटून म्हणाले, पप्पा, एका विषयाबद्दल बोलायचं होतं.
पप्पांनी वर न बघताच म्हटलं, मैत्री, तो विषय सोड आता. डोक्याला ताप नुसता. मनःशांतीपेक्षा मोठं काही नसतं.
शब्दशः असंच. तो विषय सोड. मी न सांगताच त्यांनी ओळखलं. बापाचं काळीज असतं.
मम्मी आतून म्हणाली, सोडायचा कसा, दारात उभा आहे तो. पण ती गाडीबद्दल बोलत होती.

७ सप्टेंबर, रविवार
पौर्णिमा. वर्षावासातलं धम्मग्रंथाचं वाचन झाल्यावर विहारात शिकणाऱ्या मुलांना पुष्पगुच्छ दिले. मला आधी कल्पना नव्हती. पप्पांना होती, ते इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले होते. सूत्रसंचालकांनी पुकारलं, आपल्या वस्तीतली पहिली इकॉनॉमॅट्रिक, आयुष्मती मैत्री सुखदेव साळवे. टाळ्या. मग दोन शब्द बोलायला लावलं.
मी मुलींना सांगितलं, कितीही अवघड वाटलं तरी हाती घेतलेलं अर्ध्यात सोडू नका. भीती ही फक्त मनात असते. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. पप्पांनीही.
भरलेला अर्ज पर्समध्ये होता. मी जे बोलले ते सर्वसाधारण तत्त्व म्हणून बोलले. तत्त्वांना अपवाद असतात.
घरी येताना पाय लटपटत होते. मांडी घालून फार वेळ बसल्याने.

८ सप्टेंबर
पाचच दिवस आहेत. आज सही घेणार.
केबिनच्या दारात उभी राहिले. लिमये मॅडम मान वर न करता म्हणाल्या, आत या किंवा जा, दारात उभं राहण्यासाठी विद्यापीठाने शिपाई नेमलेला आहे.
आत गेले. म्हणाल्या, शंका आहे का? मी म्हटलं, हो. (खोटं नव्हे. शंका होतीच.) कोणती? तोंडात आला तो शब्द बोलले, हेटरोस्केडॅस्टिसिटी. मॅडमनी चष्मा काढला. समोरची खुर्ची दाखवली. त्यानंतर पाऊण तास मी नुसती मान हलवत होते.
समजलं? हो. काय समजलं?
मी वहीत तारीख लिहिली.
उद्या चारला या, म्हणाल्या.

९ सप्टेंबर
आज नक्की, असं ठरवून गेले. मॅडमनी चहा मागवला. माझ्या हातातली कपबशी इतकी वाजायला लागली की त्यांनी बशी काढून घेतली.
मग म्हणाल्या, सूत्र बाजूला ठेवा. पंधरा हजार कमावणाऱ्या घराचा खर्च किती, अंदाज करा. केला. आता पाच लाख कमावणाऱ्याचा करा. मी म्हटलं, कसा करणार, तो काहीही करेल. मॅडम म्हणाल्या, हं.
दीपाली म्हणते, या 'हं'साठी लोक पीएच.डी. करतात.
मला काय उपयोग? मी सोडते आहे. पप्पांनी सांगितलंय.

१० सप्टेंबर
अर्ज फाइलच्या वरच ठेवला होता. मॅडमनी त्याच्यावर वही ठेवून गणित घातलं. चारातल्या दोन पायऱ्या बरोबर आल्या. बोलायचं राहून गेलं.

११ सप्टेंबर
मॅडम मीटिंगला. केबिनला कुलूप. बघून डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं म्हणायचं की कसलं, ठरवलं नाही.
रात्री स्वप्नात मॅडम विहारात पप्पांना माझे मार्क वाचून दाखवत होत्या. पप्पा म्हणाले, बरं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
झालं. सोडला.
साडेचारला अर्ज टेबलावर ठेवला आणि मॅडमच्या पेनस्टँडकडे बघत राहिले. मॅडमनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, साळवे, माझ्या विषयातून बाहेर पडायला आपण रोज माझ्याचकडे शिकायला येत होतात? मी म्हटलं, हो. म्हणाल्या, बाकीचे नुसतेच पळतात.
सही केली. पेनचं टोपण लावत विचारलं, घरी माहीत आहे? मी म्हटलं, पप्पाच म्हणाले, विषय सोड. मॅडमनी पेन स्टँडमध्ये ठेवलं. मग म्हणाल्या, बरं.
ऑफिसमधल्या बाईंनी शिक्का मारला. एवढा छोटा आवाज.
रात्री पप्पांना स्वतःहून सांगितलं. लपवाछपवी नको. म्हटलं, पप्पा, मी तो विषय सोडला.
पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. शहाणी माझी पोरगी, म्हणाले. मीही सोडला. आज विक्रम आपणहून आला, सॉरी काका म्हणाला, गाडी हलवली. भांडून काय मिळालं असतं?
दाराबाहेर बघितलं. स्कूटर उभी होती, पुसलेली.
ते गाडीबद्दल बोलत होते. बहुतेक पहिल्यापासून.
पण शब्द तेच होते. शब्दाला किंमत असते.

१३ सप्टेंबर, शनिवार
सकाळी मथुराबाई ओट्यावर येऊन बसल्या. गाडीचं मिटलं, आता बोलायला हरकत नाही म्हणून. पप्पांना म्हणाल्या, काय सुखदेव, कुठवर आलं पोरीचं मॅट्रिक?
मी आत चहा गाळत होते. पप्पांनी घसा खाकरला आणि एकेक अक्षर वेगळं करून म्हणाले, मॅट्रिक नाही हो मावशी. इ-कॉ-नॉ-मे-ट्रिक्स.
मम्मी हळूच म्हणाली, आठवडाभर आंघोळ करताना तेच चाललं होतं.
मथुराबाई म्हणाल्या, म्हंजी काय असतंय ते? पप्पांनी हाक मारली, मैत्री, ये, सांग मावशींना.
चहा घेऊन गेले. पाय कापत होते. यावेळी मांडी घातलेली नव्हती. म्हटलं, मावशी, तुमच्या भाडेकरूंचा महिन्याचा खर्च किती, सांगता येईल? त्या म्हणाल्या, त्यात काय, सगळ्यांचा सारखाच, इकडंतिकडं हजार. म्हटलं, आणि तुमच्या घरचा? त्या म्हणाल्या, छ्या. विक्रम एखाद म्हैन्यात गाडीच आणतुया. म्हटलं, म्हणजे कमाई वाढते तसा अंदाज जास्त चुकतो. चूक सगळीकडे सारखी नसते. ती कुठे किती मोठी होते, ते आधी बघावं लागतं, नाहीतर उत्तरावर फाजील विश्वास बसतो. त्याला हेटरोस्केडॅस्टिसिटी म्हणतात.
बोलता बोलताच लक्षात आलं, मला समजलं आहे. पूर्ण. सूत्रासकट.
मथुराबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या, येवढंच व्हय? मग येवढे दीस कशाला लागत्यात?
पप्पा माझ्याकडे असे बघत होते, की मी चहाचा ट्रे उचलून आत गेले. मागून आवाज आला, पुढच्या पौर्णिमेला विहारात हेच सांग सगळ्यांना. मी आतूनच हो म्हटलं.
मुदत काल संपली. सोडलेला विषय आता परत घेता येत नाही.
ठराव: पप्पांना सगळं खरं सांगायचं. उद्याच. पहाटे पाचला उठून.