दोन नायगाव

जूचंद्र,
१८ सप्टेंबर २००३

ती. आईंना यमुनाचा नमस्कार.

हो, यमुनाचाच. पत्र फाडायचं असेल तर पूर्ण वाचून मग फाडा.

तुमचं पत्र आठ दिवस उशिरा मिळालं. पाकिटावर तुम्ही 'सौ. संपदा' लिहिलंत, त्यामुळे पोस्टमन दोनदा दारावरून परत गेला. बाबांनी त्याला सांगितलं, "या नावाचं आमच्यात कोनी नाय." खोटं नाही बोलले. जन्मल्या गावात मला संपदा म्हणून शोधलंत तर मी सापडणार कशी? बाकी इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा तेवढा दुखतो. भात पोटरीत आलंय. मी इथूनच अंधेरीच्या ऑफिसला जाते. उन्नतीचा खोकला थांबला का, ते कळवा.

नोकरीने माझं डोकं फिरवलंय असं तुम्ही लिहिलंत. फिरवलंय खरं. कसं ते सांगते. तुम्ही तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलीत, तुम्हाला बरोबर कळेल.

आम्ही एका कुरियरवाल्यांचा प्रोग्राम लिहितोय. त्यात प्रत्येक शाखेचा एक ऑब्जेक्ट असतो, म्हणजे त्या शाखेची सगळी माहिती सांभाळणारी एक वस्तू समजा. या वस्तू एका यादीत नावाने नोंदवायच्या. पार्सल आलं की यादीला नाव सांगायचं, यादी ती वस्तू काढून हातात देते. वर्गात दोन संजना असल्या तर तुम्ही आडनावाने हाक मारायचात. आमच्या यादीला ती अक्कल नाही. ती एका नावावर एकालाच ठेवते. त्याच नावाची दुसरी आली की पहिलीला गुपचूप उठवते आणि जागा दुसरीला देते. चूक झाली असं कुणाला सांगतसुद्धा नाही.

मी आधी आपलं नायगाव नोंदवलं, मग दादरचं. दोघांचं नाव नुसतं 'नायगाव'. तीन दिवस आपल्याकडची पार्सलं दादरला जात राहिली. साहेब म्हणाले, "अगं, स्वतःच्या माहेरचं स्टेशन विसरलीस?"

त्याहून वाईट पुढे आहे. ज्या वस्तूपर्यंत पोचायला एकही वाट उरत नाही, ती कुणाला नकोय असं समजून मशीन तिला पुसून टाकतं. आपलं नायगाव असं पुसलं गेलं, आणि ते मी माझ्या हाताने केलं होतं. हे कळलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पार्सलांसाठी नाही.

लग्नात जयवंतांनी तांदळात अंगठीने 'संपदा' लिहिलं. तुम्ही म्हणालात, रेशनकार्डावर नाव आहेच, उगाच खाडाखोड कशाला. मी गप्प बसले. एकोणतीस वर्षांची होते, नोकरी करू देणारं स्थळ होतं. बिजवर तर बिजवर. मग तिचा, खऱ्या संपदाचा, फोटो भिंतीवरून कपाटात गेला, तेव्हाही मी गप्पच. त्यात तुमच्याइतकीच माझी चूक आहे, ती मी कुणावर ढकलत नाही.

पण श्रावणातल्या त्या दिवसाबद्दल तुम्ही पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीत. मीही इथे सगळ्यांना नोकरीवरून भांडण झालं असंच सांगते. आता लिहूनच टाकते. भटजींनी विचारलं, श्राद्ध कुणाचं? जयवंत म्हणाले, "संपदा." आणि मी स्वयंपाकघरातून ओ दिली, "आले." आठ महिन्यांची सवय. उन्नती अंगणातून धावत आत आली. "आई आली?" तिने माझ्याकडे पाहिलं, पिठाने माखलेल्या माझ्या हातांकडे पाहिलं, आणि परत अंगणात गेली.

तुम्ही म्हणालात, होईल पोरीला सवय.

मला ती सवय लावायची नाही. सहा वर्षांच्या पोरीकडे तिच्या आईचं नाव तेवढं उरलंय, आणि त्या नावाने हाक मारली की मी ओ देते. मला लाज वाटते त्याची. तुम्हालाही वाटायला हवी.

प्रोग्राम मी दुरुस्त केला. नाव देण्याआधी बघायचं, त्या नावावर आधीचं कुणी आहे का. असेल तर सरळ नकार द्यायचा. दोन ओळींचं काम होतं.

रविवारी सकाळी मी उमेळ्याला येतेय. परवानगी मागत नाही, कळवतेय. त्याआधी तिचा फोटो भिंतीवर लागलेला हवा. रेशनकार्डासाठी मी स्वतः रांगेत उभी राहीन. जयवंतांना हे पत्र वाचून दाखवा. हल्ली ते फोनवर नुसतं "ऐक ना" म्हणतात, नाव घ्यायचंच टाळतात. त्यांना म्हणावं, तीन अक्षरं आहेत, जमतील. उन्नतीने मला काय म्हणायचं ते तिचं ती ठरवेल, तिला कुणी शिकवू नका.

दारात यमुना म्हणून हाक मारलीत तर आत येईन, तुमच्या पाया पडेन. संपदा म्हणालात तर ओ देणार नाही. मीही मागे वळून बघेन, ती आली का.

तुमची दुसरी सून,
यमुना