चंद्री जागची हलणार नाही

१३ ऑक्टोबर
पालिकेची नोटीस आली म्हणून लिहायला बसले. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर नोंद हवी. गोठ्यांचं शेण गटारातून पंचगंगेत जातं, सबब शहरातले गोठे महिनाअखेर बंद. जनावरं माळावरच्या सामाईक गोठ्यात न्यायची, तिथं शेणापासून गॅस करणार. धोरण उत्तम आहे. बी.ए.ला माझं इकॉनॉमिक्स होतं, मला धोरण कळतं. माझ्या एका म्हशीला ते लागू नाही, एवढंच.
चंद्री हलणार नाही.

१५ ऑक्टोबर, सकाळी
दारातच गल्लीची सभा घेतली. सगळे पाठीशी आहेत. सगळे म्हणजे शेजारच्या तानाबाई, त्याही दूध न्यायला आलेल्या. म्हणाल्या, "आक्का, तुमच्या शेणापायी माझी मोरी तुंबतीया की." आंदोलनात अशी विनोदी माणसं लागतात.

१७ ऑक्टोबर
पालिकेचे इन्स्पेक्टर अमरसिंह आले. चंद्रीची धार थेट पेल्यात काढून हातात दिली. असं दूध प्यायलेला कोल्हापूरकर विरोधात जात नाही. त्यांनी दुसरा पेलाही घेतला, मिशीवरचा फेस पुसला आणि म्हणाले, "एक नंबर दूध हाय. तीस तारखेला गाडी घेऊन येतो."
ते मला डळमळीत वाटले.

२२ ऑक्टोबर, पाडवा
पाडव्याच्या शर्यतीत म्हशी पळवल्या. पुतण्या विश्वजितनं माझ्या सूचनेनुसार बुलेटचा सायलेन्सर काढला. फटफट सुरू झाली तशी चंद्री मागं सुटली. दावं नाही, काठी नाही. पहिली आली. वर्षभर मी स्वतः शिकवलंय. त्या आवाजाशिवाय ती कुणाला मानत नाही. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "घरात न्हाय, पण म्हैस तरी आक्कांचं ऐकती." दुर्लक्ष केलं.

३० ऑक्टोबर, दुपारी
ट्रक आला. चार गड्यांनी ओढली, चंद्रीनं फळीवर खूर ठेवला नाही. शेवटी अमरसिंह म्हणाले, "आक्का, तुम्ही जिंकला. आता वरच्या सायबांनाच पाठवतो." मी मोठ्या मनानं सांगितलं, दावं सोडा, बिचारी घामाघूम झालीय.
दावं सुटलं. अमरसिंहांनी माळावर परत जायला आपल्या जुन्या मोटरसायकलला किक मारली.
तिचा सायलेन्सर फुटका आहे.

३० ऑक्टोबर, संध्याकाळी
विश्वजितच्या मागं बसून माळावर गेले. पाहणीसाठी. चंद्री केव्हाच पोचली होती, चार म्हशींच्या मध्ये ओली वैरण खात होती. हाक मारली. विश्वजितनं बुलेटची फटफट करून बघितली. तिनं एक कान हलवला. दमली असेल.
गोठा स्वच्छ आहे. हे कुणाला सांगणार नाही.
सुपूर्द केलं ते असं: म्हैस एक. घुंगरमाळ एक. दावं एक, वाटेत न वापरलेलं. पावतीवर 'जनावर कसे आणले' यापुढं अमरसिंहांनी लिहिलं, 'स्वतःहून आले'. खाली सही माझी.
पेला मात्र दिलेला नाही.